एक खासदार, पंचवीस वस्त्या

कॅनडाच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात नुनावुत या उत्तरेकडच्या प्रदेशाला एकच जागा आहे. क्षेत्रफळ सुमारे २० लाख चौरस किलोमीटर, म्हणजे देशाचा जवळजवळ एक-पंचमांश भूभाग. पण २०२१च्या जनगणनेत इथली लोकसंख्या भरली ३६,८५८. त्यांतले सुमारे ८५ टक्के इनुइट, म्हणजे आर्क्टिकमधले मूलनिवासी. हे लोक २५ वस्त्यांत विखुरलेले आहेत. राजधानी इकालुइतमध्ये साडेसात हजारांहून थोडे कमी, तर पार उत्तरेकडच्या ग्रीस फियॉर्डमध्ये १४४. एका वस्तीतून दुसरीत नेणारा रस्ता कुठेच नाही. एरवी विमान, आणि उन्हाळ्यात समुद्रावरचा बर्फ फुटला की मालवाहू जहाज. रुग्णालय म्हणावे असे एकच, तेही राजधानीत. त्यामुळे बहुतेक गरोदर बायकांना प्रसूतीसाठी आपली वस्ती सोडून विमानाने जावे लागते. अशा लोकांची गरज देशाच्या हिशेबात कशी धरली जाणार? डोकी मोजून चालणाऱ्या राज्यपद्धतीत तिला वजन येणे कठीणच.

एके काळी डोकी मोजण्याचीही वेळ येत नव्हती. इनुइटांना देशाच्या निवडणुकीत मताचा हक्क १९५० साली मिळाला, पण पूर्व आर्क्टिकमधल्या सर्व वस्त्यांत मतपेट्या पोचायला १९६२ उजाडले. पहिला इनुइट खासदार, पीटर इट्टिनुआर, १९७९ साली निवडून आला. मधल्या काळात शिकलेल्या तरुण इनुइटांनी वेगळी वाट धरली होती. १९७१ साली त्यांनी देशपातळीवरची स्वतःची संघटना उभारली. १९७३च्या काल्डर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मूलनिवासींचा जमिनीवरचा हक्क कायद्याला ठाऊक असलेली गोष्ट आहे असे मानले आणि सरकारला वाटाघाटीला बसणे भाग पडले. १९७६ साली संघटनेने, तोवर हा भाग ज्यात मोडत होता त्या वायव्य प्रदेशाचे विभाजन करून इनुइटांचा वेगळा प्रदेश करण्याची मागणी मांडली.

मागणी करारात उतरायला सतरा वर्षे लागली. २५ मे १९९३ रोजी केंद्र सरकारशी जमीन-हक्कांच्या करारावर सह्या झाल्या आणि १ एप्रिल १९९९ रोजी नुनावुत अस्तित्वात आले. इनुइटांनी इथे एकाऐवजी दोन व्यवस्था मिळवल्या, आणि पुढचे सगळे राजकारण या दोहोंच्या ताणात घडले. पहिली व्यवस्था म्हणजे प्रदेशाचे सरकार. ते वंशाधारित नाही. तिथे राहणाऱ्या प्रत्येक नागरिकाचे आहे. इनुइट बहुसंख्य असल्याने ते आपोआप त्यांच्या हाती येईल, हा हिशेब होता. नॉर्वेतली सामी या मूलनिवासींची संसद याच्या अगदी उलट्या घडणीची: तिथे मतदार फक्त सामी, पण संसदेचे काम मुख्यतः सल्ल्याचे. दुसरी व्यवस्था म्हणजे नुनावुत टुंगाविक ही संस्था. करारातले इनुइटांचे हक्क तीच सांभाळते आणि वेळ पडली तर सरकारला न्यायालयात खेचते.

विधानसभेत पक्ष नाहीत. आज २२ सदस्य आहेत. सगळे अपक्ष म्हणून निवडून येतात आणि प्रदेशाचा मुख्यमंत्री व मंत्री आपल्यातून गुप्त मतदानाने निवडतात. एकमताने चालण्याच्या जुन्या रीतीशी हे जुळते असे सांगितले जाते, आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. पण पक्ष नसल्यामुळे मतदाराला जाहीरनाम्यावरून सरकार निवडता येत नाही, ही त्याची दुसरी बाजू. प्रतिनिधित्वाचा विचार किती मुळापासून झाला होता हे १९९७च्या सार्वमतावरून कळते. प्रत्येक मतदारसंघातून एक स्त्री आणि एक पुरुष निवडावा, असा तो प्रस्ताव होता. तो मंजूर झाला असता तर निम्म्या जागांवर स्त्रिया हमखास बसणारे ते जगातले पहिलेच विधिमंडळ ठरले असते. ५७ टक्क्यांनी नाही म्हटले.

आर्थिक बाजू मुख्यतः करारातच आहे. सुमारे साडेतीन लाख चौरस किलोमीटर जमिनीची मालकी इनुइटांना मिळाली. त्यांतल्या ३६ हजारांवर भूगर्भातल्या खनिजांसह. भरपाई म्हणून १४ वर्षांत १ अब्ज १४ कोटी ८० लाख डॉलर द्यायचे ठरले. सरकारला मिळणाऱ्या खनिज स्वामित्वधनात पहिल्या २० लाख डॉलरचा निम्मा आणि पुढच्या रकमेचा ५ टक्के हिस्सा त्यांचा. मात्र पैशाहून मोलाची कलमे दुसरीच आहेत. वन्यजीव, जमीन-नियोजन, पाणी आणि प्रकल्पांचे परिणाम यांसाठी जी मंडळे झाली, त्यांवर इनुइट संघटनांनी सुचवलेले सदस्य बसतात. आणि मोठा प्रकल्प सुरू होण्याआधी कंपनीला इनुइट संघटनेशी लाभ-करार करावाच लागतो.

या कलमांची कसोटी बॅफिन बेटावरच्या मेरी रिव्हर लोहखाणीत लागली. किकिकतानी इनुइट असोसिएशन या प्रादेशिक संघटनेने कंपनीशी २०१३ साली लाभ-करार केला. पुढे कंपनीने वर्षाला ६० लाख टनांऐवजी १ कोटी २० लाख टन खनिज जहाजांनी नेण्याचा आणि त्यासाठी ११० किलोमीटरचा लोहमार्ग घालण्याचा प्रस्ताव आणला. ज्या पाण्यातून ही जहाजे जाणार, तिथे नारव्हेल या सुळेवाल्या देवमाशाची शिकार चालते. जवळच्या पाँड इनलेट वस्तीच्या घराघरांत त्याचे मांस पोचते. फेब्रुवारी २०२१ मध्ये मोजक्या शिकाऱ्यांनी खाणीची धावपट्टी आणि रस्ता जवळजवळ आठवडाभर अडवला. त्यांची तक्रार कंपनीइतकीच आपल्या प्रतिनिधींविरुद्धही होती: वाटाघाटी प्रादेशिक संघटना करते, पैसा तिच्याकडे जातो, आणि नुकसान मात्र खाणीजवळच्या वस्त्यांचे होते. पुढच्याच महिन्यात संघटनेने विस्ताराला विरोध जाहीर केला. मे २०२२ मध्ये परिणाम-परीक्षण मंडळाने प्रस्ताव नाकारण्याची शिफारस केली आणि नोव्हेंबरमध्ये केंद्रीय मंत्र्यांनी ती मान्य केली. संसदेतल्या एका मताने हे झाले नसते. मात्र वरची संघटना आणि खालची वस्ती यांतले अंतर करार मिटवू शकला नाही, हेही नाकेबंदीच्या त्या आठवड्याने दाखवले.

नोकऱ्यांचे कलम त्याहून लंगडे ठरले. करारातल्या २३व्या कलमानुसार सरकारी नोकऱ्यांत इनुइटांचे प्रमाण लोकसंख्येइतके व्हायला हवे. प्रत्यक्षात प्रादेशिक सरकारात ते निम्म्याच्या आसपासच रेंगाळले, आणि वरच्या पदांवर त्याहूनही कमी. २००६ साली कराराच्या अंमलबजावणीवरच्या वादातले मध्यस्थ टॉमस बर्जर यांनी आपल्या अहवालात कारण शाळेत दाखवले: मुले इनुक्टिटुट या आपल्या भाषेत शिकायला लागतात, मग शिक्षण इंग्रजीत वळते, आणि दोन्ही भाषा अर्धवट राहतात. त्याच वर्षी नुनावुत टुंगाविकने केंद्र सरकारवर १ अब्ज डॉलरचा दावा लावला. २०१५ साली साडेपंचवीस कोटींवर तडजोड झाली आणि त्यातला मोठा भाग प्रशिक्षणाला गेला. शाळेचा प्रश्न तिथेच आहे. सर्व इयत्तांत इनुइट भाषेतून शिक्षण २०१९ पर्यंत द्यायचे होते. २०२०च्या दुरुस्तीने ती मुदत २०३९ वर नेली, आणि संस्था पुन्हा न्यायालयात गेली.

अन्नाच्या बाबतीत सरकारी उपाय आणि वस्तीची गरज यांत सर्वांत जास्त फट पडली. २०११ पासूनच्या ‘न्यूट्रिशन नॉर्थ’ योजनेत अनुदान दुकानदाराला मिळते आणि त्याने भाव उतरवावा अशी अपेक्षा असते. तो पूर्ण फायदा ग्राहकापर्यंत जातो की नाही हे तपासलेच गेलेले नाही, असे महालेखापरीक्षकांनी २०१४ साली नोंदवले. कॅरिबू, सील, ‘चार’ नावाचा मासा हे इथले खरे अन्न. पण शिकारीला बर्फगाडी, इंधन, गोळ्या लागतात. युरोपच्या बंदीने सीलच्या कातड्याचा बाजार बसल्यावर त्या खर्चाचे एक साधन गेले. त्या बंदीतून इनुइटांना दिलेली सवलत कागदावर राहिली. शिकाऱ्यांसाठी अनुदान सुरू झाले ते २०२० साली, आणि तेही इनुइट संघटना योजनेच्या आखणीत बसल्यावर.

सार्वजनिक जमीन आणि तिच्यातली खनिजे यांचा कारभार अजून ओटावातल्या केंद्र सरकारकडे आहे. तो नुनावुतकडे सोपवण्याच्या करारावर १८ जानेवारी २०२४ रोजी इकालुइतमध्ये सह्या झाल्या. हस्तांतर १ एप्रिल २०२७ पर्यंत पुरे व्हायचे आहे. त्यामुळे प्रदेशाच्या सरकारला केंद्राच्या अनुदानापलीकडचे, स्वतःच्या जमिनीतले उत्पन्न मिळू लागेल. मात्र त्या कामासाठी भूशास्त्रज्ञ, सर्वेक्षक, लेखापाल लागतील, आणि २३वे कलम त्या जागांनाही लागू आहे.