वाळूने थांबवलेली मारामारी

१९९३ सालचा ‘ज्युरासिक पार्क’ पाहिल्यापासून व्हेलोसिरॅप्टर म्हणजे माणसाएवढा उंच राक्षस, अशीच माझी समजूत होती. खरा प्राणी मात्र शेपटीसकट जेमतेम २ मीटर लांब आणि वजनाला १५-२० किलो! अंगावर पिसंसुद्धा होती.

१९७१ साली मंगोलियाच्या गोबी वाळवंटात पोलिश-मंगोलियन संशोधकांना एक जोडी सापडली. एक व्हेलोसिरॅप्टर आणि एक प्रोटोसेरॅटॉप्स. दुसरा शाकाहारी, पोपटासारख्या चोचीचा, शिकाऱ्यापेक्षा कितीतरी जड. रॅप्टरच्या पायाची कोयत्यासारखी नखी भक्ष्याच्या गळ्यापाशी, तर भक्ष्याच्या चोचीत रॅप्टरचा उजवा हात! सुमारे ७.५ कोटी वर्षं दोघं तसेच.

तुम्ही म्हणाल, जिंकलं कोण? मला विचाराल तर खरा प्रश्न वेगळाच आहे. एरवी मेलेल्या जनावराचे लचके तोडले जातात, हाडं विखुरतात. इथे पकडसुद्धा सुटली नाही. म्हणजे दोघंही झटक्यात गाडले गेले असणार. पण कसे?

काहींच्या मते वाळूच्या वादळात, काहींच्या मते टेकडी कोसळून. मला दुसरं उत्तर जास्त पटतं, आणि ते आपल्या सॉईल मेकॅनिक्समध्येच आहे. कोरड्या वाळूचा ढीग साधारण ३४ अंशांपर्यंतच टिकतो. हाच तो अँगल ऑफ रिपोज, जो आपण जर्नलमध्ये निमूटपणे उतरवून काढतो. टेकडीची वाऱ्याआडची बाजू आधीच या मर्यादेवर उभी असते. थोडं पाणी वाळूला घट्ट धरतं (किल्ला बांधताना आपण तेच करतो), पण कणांमधल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की पोअर प्रेशर वाढतं, घर्षण कमी होतं आणि उतार खाली येतो. गोबीतल्याच उखा तोलगोद इथले जीवाश्म पावसाने भिजलेल्या टेकड्या घसरून गाडले गेले, असं १९९८ साली संशोधकांनी मांडलं. या जोडीचंही तसंच झालं का, हे सिद्ध झालेलं नाही.

पण विचार करा. दोघांचं सगळं लक्ष एकमेकांवर, आणि धोका डोक्यावरच्या उतारात! उद्या आपल्यापैकी कुणी घाटातला रस्ता किंवा बंधारा बांधेल. तेव्हा खाली माणसं आपापल्या कामात असतील, वर कुणी बघणार नाही. ते बघणं आपलं काम. तो ३४ चा आकडा मी आता जर्नलमध्ये नुसता उतरवत नाही.