कंबर ‘सरकते’ म्हणजे काय?

चाकणच्या प्रेस शॉपमध्ये अख्खी शिफ्ट एका पायावर भार टाकून उभं राहणाऱ्याची कंबर-जांघ दुखू लागली, की निदान तयारच असतं: ‘कंबर सरकली, पाय आखूड झाला.’

श्रोणी (कमरेखालचं हाडांचं कडं) अशी सरकत नाही. तिला कण्याशी जोडणारे सांधे जेमतेम काही मिलिमीटर हलतात. ते निसटायला मोठा अपघातच लागतो.

पायांच्या लांबीत पाचेक मिलिमीटरचा फरक तर बहुतेकांना असतोच. लेथ लेव्हलला नसेल तर त्याच्या पायाखाली पत्र्याची पट्टी सारावी लागते. शरीर मात्र एवढा उतार स्वतःच सांभाळून घेतं. फरक दोन सेंटिमीटरपुढे गेला, तर बुटातला उंचवटा उपयोगी पडू शकतो. कधी हाडं सारखीच असतात, आखडलेल्या स्नायूंमुळे पाय आखूड भासतो, तिथे व्यायाम कामी येतो. आणि कंबर-जांघेसोबत ओटीपोटातही दुखत असेल, तर ते दुखणं मूत्राशयाचं, गर्भाशयाचं किंवा श्रोणीच्या तळच्या स्नायूंचंही असू शकतं. रुग्णाला झोपवून, टाचा जुळवून पायांची लांबी पाहिल्याने दुखण्याचं मूळ कळत नाही.