सिंगापूरच्या धक्क्यावरचा जिताडा

मंडळी, आमच्यातल्या एकाची आई अलिबागहून आली होती. टेक्का मार्केटमध्ये बर्फावर ठेवलेला ‘सी बास’ पाहून काकू थबकल्या आणि म्हणाल्या, "अरे, हा तर आपला जिताडा!" काकूंचं बरोबर होतं. मलाय लोकांचा सियाकाप, ऑस्ट्रेलियातला बारामुंडी आणि रायगडच्या खारेपाटात घरापुढच्या तळ्यात पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला जिताडा, हे सगळे एकच.

आम्ही चौघे सॉफ्टवेअरवाले. आठवडाभर स्क्रीनसमोर बसायचं आणि रविवारी पहाटे बेडोक जेटीवर गरवायला जायचं, हा आमचा शिरस्ता. इंग्लंडच्या बंदरांत आणि खडकाळ किनाऱ्यांवर लोक खोटं आमिष टाकून ‘बास’ पकडतात. तो मासा वेगळा, पण आपल्या जिताड्यालाही तीच युक्ती चालते.

खोटं आमिष म्हणजे लुअर. लाकडाचा, प्लास्टिकचा किंवा मऊ रबराचा मासा. जिताडा बोय आणि कोळंबी खातो, म्हणून लुअर त्यांच्यासारखा हलला पाहिजे. तोंडाशी प्लास्टिकची जीभ असलेला लुअर ओढला की पाण्यात बुडी मारतो आणि शेपूट हलवत येतो. पण सारखं ओढत राहू नये. दोनदा ओढायचं, थांबायचं, पुन्हा ओढायचं. घाव बहुतेक वेळा थांबल्यावरच बसतो. जिताडा पाठलाग करणारा नाही, दबा धरणारा आहे. जेटीच्या खांबांची सावली, दगडी बांधाच्या कपारी, खाडीचं तोंड, अशा ठिकाणी तो उभा राहतो आणि भक्ष्य जवळ आलं की जबडा उघडून पाण्यासकट आत ओढतो. म्हणून वेळ निवडायची ती पहाटेची किंवा तिन्हीसांजेची, आणि पाणी वाहतं असताना. भरती-ओहोटीचं पाणी थांबलं की आम्ही सरळ कॉफी प्यायला जातो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: त्याच्या कल्ल्यांच्या झाकणाला सुरीसारखी धार असते. दोरीच्या टोकाला जाड लीडर नसेल, तर मासा आणि लुअर दोन्ही गेले म्हणून समजा.

आता मुद्द्याची गोष्ट. जिताडा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो. काही वर्षांनी, साधारण 80 ते 100 सेंटीमीटरचा झाला की बहुतेकांची मादी होते. म्हणजे फोटोत मिरवायचा जो भला मोठा मासा, ती बहुधा आईच! एका मोठ्या मादीच्या पोटात लाखोंनी अंडी असतात. अंडी खाऱ्या पाण्यात, नदीच्या मुखाशी पडतात आणि पिल्लं खारफुटीत, पुढे गोड्या पाण्याकडे जातात. सिंगापूरच्या कित्येक नद्यांच्या मुखांशी आता बंधारे आहेत. मरीना बराज 2008 साली झाला. आपल्याला पिण्याचं पाणी मिळालं, पण अशा ठिकाणी माशाची जुनी वाट अडली. राहिलेल्या माद्याही आपण कापल्या, तर पुढचे मासे येणार कुठून?

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये समुद्रात आणि नद्यांत धरलेला 58 सेंटीमीटरपेक्षा लहान आणि 120 पेक्षा मोठा बारामुंडी ठेवता येत नाही. लहानाला वाढू द्यायचं, मोठीला वाचवायचं. आम्ही आमच्यापुरता याहून कडक नियम केला आहे: 80 च्या वरचा मासा परत पाण्यात.

नियम करणं सोपं असतं हो! एका रविवारी आमच्यातल्या एकाला 92 सेंटीमीटरचा लागला. घरी काकू वाटण करून वाट पाहत होत्या. कोणी काही बोलेना. शेवटी त्यानेच ओल्या हातांनी मासा धरला, गळ काढला आणि दोरीच्या जाळीतून खाली सोडला. क्षणभर तो पाण्यात तसाच राहिला, मग शेपटीचा एक फटका आणि गायब. घरी सगळं ऐकून काकू एवढंच म्हणाल्या, "पोटुशीला सोडलीस, बरं केलंस. पण बाजारातून तरी आणायचास!"

ज्यांना यावंसं वाटेल त्यांच्यासाठी थोडं. परवानगीची पाटी असेल तिथेच गरवा. जलाशयांवर ठरवून दिलेल्या जागी फक्त खोटं आमिष चालतं. शेवाळलेल्या दगडांवर एकट्याने जाऊ नका, पकड घेणारे बूट घाला. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाका, म्हणजे मासा पटकन सुटतो आणि आपलं बोट अडकलं तर तेही. तुटलेली दोरी खिशात घालून घरी आणा, कारण पाण्यात राहिलेली दोरी कासवाला आणि पक्ष्याला फास होते.

आणि जिताडा खायचाच असेल, तर शेतीतला घ्या. त्याचं कालवणही तितकंच फर्मास होतं, हे काकूंनी आम्हाला त्याच रात्री पटवून दिलं.