दिवाणखान्यातल्या टीव्हीवरचे वेब

टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रावर, म्हणजे गेम कन्सोलवर, वेबची पाने वाचता यावीत ही कल्पना स्मार्टफोनच्या बरीच आधीची आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात संगणक ही महागडी वस्तू होती, टीव्ही मात्र जपान-अमेरिकेत घरोघर होता, आणि कन्सोल हा मुळात एक स्वस्त संगणकच असल्यामुळे त्याला टेलिफोनच्या तारेवरून माहितीची ने-आण करणारा मोडेम जोडला की काम भागेल, असा हिशेब अनेक कंपन्यांनी मांडला. ॲपल आणि बंदाई यांनी मिळून १९९६ मध्ये आणलेले पिप्पिन हे यंत्र जेमतेम ४२,००० च्या आसपास खपले. त्याच वर्षी सेगाने आपल्या सॅटर्न या कन्सोलसाठी नेटलिंक हा मोडेम काढला. आणि १९९८ च्या नोव्हेंबरात जपानमध्ये आलेल्या सेगाच्याच ड्रीमकास्टमध्ये मोडेम यंत्राबरोबरच मिळू लागला. वेबपान मागवून ते पडद्यावर रचून दाखवणारा ब्राउझर हा प्रोग्राम ड्रीमकास्टसाठी तबकडीवर दिला जाई. २००१ मध्ये ड्रीमकास्टचे उत्पादनच थांबले, आणि या कल्पनेची खरी परीक्षा निन्टेंडोच्या वी या यंत्रापर्यंत लांबली.

वी १९ नोव्हेंबर २००६ रोजी अमेरिकेत विक्रीस आला आणि पुढे जगभरात त्याची दहा कोटींहून अधिक यंत्रे विकली गेली. त्याचा ब्राउझर नॉर्वेच्या ऑपेरा या कंपनीने तयार केला होता. डिसेंबर २००६ मध्ये त्याची चाचणी-आवृत्ती आणि एप्रिल २००७ मध्ये पूर्ण आवृत्ती आली. जूनअखेरपर्यंत ती मोफत होती, नंतर तिच्यासाठी पाच डॉलर मोजावे लागत, आणि सप्टेंबर २००९ पासून निन्टेंडोने ती पुन्हा मोफत करून, आधी पैसे भरलेल्यांना त्याबदल्यात एक जुना खेळ दिला. ब्राउझरसाठी पैसे मागणे आज चमत्कारिक वाटते. परंतु त्यामागे ऑपेराने केलेले काम किती अवघड होते, हे टीव्हीचा पडदा कसा चालतो ते पाहिल्यावाचून कळत नाही.

त्या काळी बहुतेक घरांत काचेच्या नळीचे टीव्ही होते. अशा टीव्हीवर चित्र एकदम उमटत नाही, तर आडव्या रेषांनी रेखले जाते, आणि तेही दोन फेऱ्यांत: पहिल्या फेरीत विषम क्रमांकाच्या रेषा, दुसऱ्या फेरीत सम क्रमांकाच्या. त्यामुळे प्रत्येक रेषा जपान-अमेरिकेत सेकंदाला ३० वेळा आणि भारत किंवा युरोपात २५ वेळाच उजळते. हलत्या चित्रात हे डोळ्यांना जाणवत नाही. पण वेबपानावर एकाच रेषेच्या जाडीची आडवी रेघ आली, तर ती एका फेरीत दिसते, दुसरीत नाहीशी होते, आणि डोळ्यांसमोर सतत थरथरत राहते. इंग्रजी अक्षरांतल्या बारीक आडव्या रेघांनाही हा त्रास होता. मग ज्या लिपीत प्रत्येक शब्दावर शिरोरेषा असते, तिचे अशा पडद्यावर काय होईल याची कल्पना मराठी वाचकाने सहज करावी. यावर उपाय म्हणजे शेजारशेजारच्या रेषा एकमेकींत किंचित मिसळून चित्र मुद्दाम थोडे धूसर करणे. म्हणजे थरथर कमी करायची तर अक्षराची धार बोथट करावी लागे, आणि धार राखायची तर थरथर सोसावी लागे.

अडचण एवढ्यावर थांबत नव्हती. चित्राच्या चारही कडा टीव्हीच्या चौकटीखाली दडलेल्या असत, त्यामुळे मजकूर कडेपासून आत घ्यावा लागे. वीच्या चित्रात उभ्या दिशेने ४८० रेषाच होत्या, तर वेबपाने संगणकाच्या बऱ्याच मोठ्या पडद्याचे माप धरून बनवलेली असत. शिवाय संगणक हातभर अंतरावरून पाहिला जातो, टीव्ही मात्र सोफ्यावरून, सहा-सात हात लांबून. ऑपेराला मोबाइल फोनच्या चिमुकल्या पडद्यांचा अनुभव होता, तो इथे कामी आला. आधी सगळे पान लहान करून दाखवायचे, वाचकाने हवा तो भाग मोठा करून घ्यायचा, आणि तेही पुरले नाही तर पानाचे रकाने मोडून सगळा मजकूर एकाखाली एक लावायचा, अशी सोय त्यात होती. रुंद पडद्याची अडचण सोडवण्यासाठी लहान पडद्याची विद्या वापरली गेली, हे या प्रकरणातले सर्वांत बुद्धिमान पाऊल म्हणावे लागेल.

माउसची जागा वीच्या रिमोटने घेतली. टीव्हीवर ठेवायच्या पट्टीला निन्टेंडोने सेन्सर बार असे नाव दिले असले, तरी तिला काहीही दिसत नाही. तिच्या दोन टोकांना डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडणारे दिवे असतात आणि कॅमेरा असतो तो रिमोटच्या तोंडाशी. त्या कॅमेऱ्याला दिसणाऱ्या दोन ठिपक्यांच्या जागेवरून रिमोट कुठे रोखला आहे हे यंत्र ठरवते, आणि म्हणूनच पट्टी मोडली तर तिच्या जागी दोन पेटत्या मेणबत्त्या ठेवूनही पडद्यावरचा निर्देशक चालत असे. रिमोटच्या खालचे बटण दाबून धरून हात वर-खाली केला की पान सरकत असे. वाचण्यासाठी ही रचना खरोखर सुखाची होती; लिहिण्यासाठी मात्र पडद्यावरच्या कळफलकावर एकेक अक्षर नेम धरून टिपावे लागे. यूएसबी कळफलक जोडण्याची सोय २००७ च्या उत्तरार्धात आली.

तिसरी मर्यादा स्मृतीची होती. वीमध्ये एकूण ८८ मेगाबाइट इतकीच कार्यकारी स्मृती होती, आणि संगणकाप्रमाणे ती भरली की हार्ड डिस्कवर ओझे उतरवण्याची सोय नव्हती, कारण यंत्रात हार्ड डिस्कच नव्हती. निन्टेंडोच्याच डीएस या हातात धरायच्या यंत्रात स्मृती केवळ ४ मेगाबाइट असल्याने २००६ मधला त्याचा ब्राउझर विकताना सोबत ८ मेगाबाइट स्मृतीचा वेगळा तुकडा द्यावा लागला होता. वेबपाने दर वर्षी जड होत गेली, कन्सोल मात्र विकला त्या दिवशी जसा असतो तसाच सहा-सात वर्षे राहतो.

तरीही लोकांनी हा ब्राउझर वापरला, विशेषतः चित्रफिती पाहण्यासाठी. ब्रिटनच्या बीबीसीने एप्रिल २००८ मध्ये आपली आयप्लेयर ही सेवा वीच्या ब्राउझरमधून उपलब्ध करून दिली, आणि सोफ्यावर बसून हवा तो कार्यक्रम हव्या त्या वेळी टीव्हीवर पाहणे सामान्य घरात शक्य झाले. परंतु या यशातच ओहोटीचेही बीज होते. ज्या सेवेला मागणी दिसली तिचे स्वतंत्र ॲप निघाले. वीवर नेटफ्लिक्स २०१० मध्ये आणि यूट्यूबचे ॲप २०१२ मध्ये आले. मधल्या काळात स्मार्टफोन घरोघर पोहोचला, आणि बातमी वाचायला टीव्ही लावण्याचे कारण उरले नाही.

मात्र ब्राउझर मागे पडण्याचे एवढेच कारण नाही. कन्सोल कमी नफ्यात, कधी तोट्यातही विकला जातो आणि कमाई खेळांच्या विक्रीतून होते. म्हणून कंपनीने तपासून डिजिटल स्वाक्षरी केलेला प्रोग्रामच त्यावर चालावा अशी बंदोबस्ताची रचना असते. वेबचा स्वभाव नेमका उलटा आहे. प्रत्येक पानाबरोबर जावास्क्रिप्ट या भाषेतला छोटा प्रोग्राम परक्या संगणकावरून येतो आणि ब्राउझर तो तत्काळ चालवतो. ब्राउझरमध्ये एखादी चूक राहिली असेल, तर त्या वाटेने आलेला प्रोग्राम यंत्राचाच ताबा घेऊ शकतो. सोनीच्या व्हिटा या यंत्राचे कुलूप २०१६ मध्ये केवळ एक वेबपान उघडून काढता येऊ लागले होते.

याहून बोलके उदाहरण निन्टेंडोच्या स्विच या कन्सोलचे आहे, आणि त्याची सुरुवात एका फोनपासून होते. ऑगस्ट २०१६ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या एका मानवाधिकार कार्यकर्त्याच्या आयफोनवर पेगासस हे हेरगिरीचे सॉफ्टवेअर घालण्याचा प्रयत्न उघडकीस आला. भारतात २०२१ साली ज्यावरून मोठे वादळ उठले, तेच हे पेगासस. त्यासाठी वापरलेल्या चुकांपैकी एक वेबकिट या ब्राउझरच्या गाभ्यात होती आणि ॲपलने ती लगेच दुरुस्त केली. वेबकिटचा स्रोत खुला असल्यामुळे दुरुस्ती कुठे झाली हे कोणालाही पाहता येते, आणि जो ती वेळेवर उचलत नाही त्याच्या घराचे उघडे दार सर्वांना ठाऊक होते. मार्च २०१७ मध्ये विक्रीस आलेल्या स्विचमध्ये वेबकिटची जुनी, ती चूक असलेली प्रत होती. स्विचच्या मेनूत ब्राउझर नाही. हॉटेल किंवा विमानतळावरच्या वाय-फायचे प्रवेशपान दाखवण्यापुरताच तो आत दडवलेला आहे, आणि संशोधकांनी त्याच वाटेने काही दिवसांत आत शिरून दाखवले.

अशा अनुभवांनंतर कंपन्यांनी ब्राउझरला दूर ठेवावे यात नवल नाही, आणि सोनीच्या प्लेस्टेशन ५ च्या मेनूतही तो नाही. पण हा निर्णय ग्राहकाच्या हिताचा आहे असे म्हणवत नाही. कन्सोलच्या दुकानात केवळ कंपनीने मान्य केलेलीच ॲप असतात; मराठी विश्वकोश, गावच्या ग्रंथालयाची यादी किंवा एखादे छोटे नियतकालिक यांचे ॲप तिथे येण्याचा संभव नाही, आणि ब्राउझर हेच त्यांच्यापर्यंत जाणारे एकमेव दार होते. सुरक्षा आणि ब्राउझर एकत्र नांदू शकत नाहीत हेही खरे नाही. मायक्रोसॉफ्टने २०१३ च्या एक्सबॉक्स वनपासून खेळ आणि इतर प्रोग्राम यांना यंत्राच्या आतच दोन वेगळ्या आभासी कप्प्यांत ठेवले, म्हणजे एका कप्प्यात बिघाड झाला तरी दुसऱ्याला सहजी धक्का लागू नये; आणि २०२१ मध्ये त्यावर क्रोमियम या खुल्या स्रोताच्या गाभ्यावर आधारलेला एज ब्राउझर आणला, जो वापरायला वेगळे पैसे पडत नाहीत. नवा कन्सोल घेताना खेळांची यादी पाहतो तसा त्याच्या मेनूत ब्राउझर आहे की नाही हेही ग्राहकाने दुकानदाराला विचारावे, कारण मागणी दिसल्याशिवाय कोणतीही कंपनी तो परत आणणार नाही.