शिवारात रमण्याचा एक नवा छंद



रब्बीची मळणी उरकली, गावची जत्रा झाली, की पहिल्या पावसापर्यंत थोडी उसंत मिळते. मुलांनाही सुटी असते. या दिवसांत घरच्या सगळ्यांनी मिळून करण्याजोगा एक छंद आज सांगणार आहे. त्याला लागते तळहातावर मावणारे जीपीएस यंत्र. पाणलोटाच्या कामात बंधाऱ्यांच्या जागा टिपायला आम्ही वापरतो तेच. ते नसेल तर घरातल्या स्मार्टफोनमध्येही ही सोय असते. मात्र यंत्र ऊन-धुळीला चांगले टिकते आणि दोन पेन्सिल सेलवर दिवसभर चालते.

पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर अमेरिकेचे तीसेक उपग्रह फिरत असतात. प्रत्येक उपग्रह आपली अचूक वेळ सांगत राहतो. चार उपग्रहांचे संदेश मिळाले, की ते पोचायला किती वेळ लागला यावरून यंत्र आपली जागा काढते व अक्षांश-रेखांश दाखवते. मोकळ्या आभाळाखाली तीन ते पाच मीटरची चूक धरावी. दाट आमराईत त्याहून अधिक. पूर्वी ही चूक शंभर मीटरपर्यंत जाई, कारण सर्वसामान्यांसाठीचे संदेश अमेरिका मुद्दाम बिघडवून पाठवी. मे २००० च्या आरंभी ते बंद झाले, आणि लगेच ३ मे रोजी ओरेगन राज्यातल्या डेव्ह उल्मर यांनी रानात एक बादली लपवली. तीत पुस्तके, गलोल, घेवड्याच्या दाण्यांचा डबा असल्या वस्तू होत्या. जागेचे आकडे त्यांनी इंटरनेटवर जाहीर केले. शोधणाऱ्याने काही घ्यावे, काही ठेवावे, वहीत नोंद करावी, एवढाच नियम. या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात, आणि आज जगभर अशा तीस लाखांहून अधिक ठेवी लपवलेल्या आहेत.

आपल्या मुलांसाठी एवढे लांब जायला नको. घट्ट झाकणाच्या डब्यात गूळ-शेंगदाणे भरून आपल्याच रानात ठेवावा, आकडे चिठ्ठीवर लिहून द्यावेत आणि सकाळच्या गारव्यात मुलांना सोडावे. विहिरीचा काठ, वारूळ, दगडांचा ढीग या जागा टाळाव्यात. लोकांच्या रानात विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये.

दुसरा एक छंद पूर्णांकाचा. अक्षांश व रेखांश दोन्ही पूर्ण अंशांत येतात, अशा जागी जाऊन फोटो काढायचा. अमेरिकेत अॅलेक्स जॅरेट यांनी १९९६ साली याची सुरुवात केली. आपल्याकडेही अशा जागा आहेत. २१ अंश उत्तर व ७५ अंश पूर्व हा बिंदू अमळनेरपासून थोड्याच अंतरावर येतो. १८ व ७४ चा वाईच्या पूर्वेला. तिथे पाहण्यासारखे काही असेलच असे नाही, एखादे वावर किंवा बाभूळ. तरी यंत्रावर सगळी शून्ये जुळेपर्यंत चार पावले पुढे, दोन मागे करताना मोठी माणसेही लहान होतात.

पण मला स्वतःला आवडतो तो तिसरा प्रकार. सातबाऱ्यावर गट नंबर असतो, पण चिंचेचा माळ, म्हसोबाची पट्टी ही नावे तिथे नसतात. ती म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असतात. माझ्या ओळखीच्या एका घरी नातवाने आजोबांबरोबर चार सकाळी फिरून अशा जागा टिपल्या. बुजवलेली जुनी विहीर, पुरलेल्या पाइपलाइनचा व्हॉल्व्ह, पणजोबांनी लावलेला आंबा कुठे होता ते. ओढ्यापलीकडचे रान दिवाळीनंतर करू म्हणाले. आजोबा दिवाळी पाहू शकले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात लाइन फुटली, तेव्हा व्हॉल्व्ह वहीवरून सापडला. पण ओढ्यापलीकडच्या पट्ट्यांना आता घरात कोणी नावाने ओळखत नाही. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी घेऊन निघावे.

नोंद करताना माझ्यासारखी चूक करू नका. यंत्र १८ अंश ३० मिनिटे दाखवत होते, मी वहीत १८.३० लिहिले. साठ मिनिटांचा एक अंश, म्हणजे ते १८.५० हवे होते. नंतर त्या आकड्याने शोधायला गेलो, तर विहीर बावीस किलोमीटर दक्षिणेला सरकलेली! सोबतच्या मंडळींनी वर्षभर मला त्या विहिरीची चौकशी केली.

आणखी एक. हे यंत्र घेऊन बांधावरच्या भांडणात उतरू नये. चार मीटरची चूक म्हणजे बांध कधी तुमच्या रानात, कधी शेजाऱ्याच्या. हद्दीसाठी भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून सरकारी मोजणीच करून घ्यावी.

पावसाळ्यात यंत्र ठेवून द्यायचे असेल, तर सेल आठवणीने काढून ठेवा. ते पाझरले की आतल्या पट्ट्या गंजतात.