बारा काळांचा तक्ता आणि इंग्रजी क्रियापदाची खरी घडण

अ‍ॅडलेडच्या उत्तरेला मॉसन लेक्स हे उपनगर आहे. तिथे विद्यापीठाचा परिसर आहे आणि टेक्नॉलॉजी पार्कही. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी इथे येणारा मराठी माणूस शाळेत पाठ केलेला बारा काळांचा तक्ता सोबत आणतो. आयईएल्ट्स परीक्षेत लेखन आणि संभाषण या दोन्हींचे पाव गुण व्याकरणाला असतात, आणि नेमका तिथेच हा तक्ता दगा देतो.

इंग्रजीत बारा काळ आहेत, हाच मुळात गैरसमज आहे. काळानुसार क्रियापदाचं स्वतःचं रूप दोनच प्रकारे बदलतं: वर्तमान आणि भूत, म्हणजे 'वॉक' आणि 'वॉक्ट'. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठात अध्यापन केलेले रॉडनी हडलस्टन आणि त्यांचे सहलेखक जेफ्री पुलम यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या बृहद्‌व्याकरणात इंग्रजीला भविष्यकाळच मानलेला नाही. मराठीत 'जाईल' म्हणताना प्रत्यय धातूलाच लागतो, म्हणून आपण इंग्रजीतही तसंच काही शोधतो. पण 'विल' हे 'कॅन', 'मस्ट' यांच्या जातीचं साहाय्यक क्रियापद आहे. दार वाजलं की 'दॅट विल बी द पोस्टमन' म्हणतात, आपण 'पोस्टमन असेल' म्हणतो तसं. यात भविष्य कुठेच नाही, अंदाज आहे. उलट उद्याच्या गाडीबद्दल 'द ट्रेन लीव्ह्ज अ‍ॅट सिक्स टुमॉरो' हे वर्तमानातलं वाक्य अगदी शुद्ध ठरतं.

मग उरलेली रूपं येतात कुठून? साखळीतून, आणि हे एकदा समजलं की तक्ता पाठ करावा लागत नाही. आधी 'विल'सारखं क्रियापद, मग 'हॅव', मग 'बी', शेवटी मुख्य क्रियापद. यातली हवी तेवढीच घ्यायची. प्रत्येक कडी पुढच्या शब्दाचं रूप ठरवते. 'विल'नंतर मूळ रूप, 'हॅव'नंतर तिसरं रूप, चालू क्रियेच्या 'बी'नंतर आयएनजी. 'विल हॅव बीन वर्किंग' ही भीतीदायक वाटणारी रचना अशी सहज उलगडते. काळ दाखवायचा तो फक्त पहिल्या कडीवर. म्हणूनच 'डिड नॉट वेन्ट' चूक: भूतकाळ 'डिड'ने आधीच उचललेला असतो.

सर्वांत जास्त घोटाळा 'हॅव'चा. 'नुकतीच पूर्ण झालेली क्रिया' अशी व्याख्या आपण शिकतो, ती अपुरी आहे. माणूस चंद्रावर उतरला १९६९ साली, तरी 'ह्यूमन्स हॅव वॉक्ट ऑन द मून' हे वाक्य आजही बरोबर. घटना किती जुनी, हा प्रश्नच नाही. बोलणारा तिला आजपर्यंत चालत आलेल्या कालावधीत धरतो का, हे महत्त्वाचं. ज्यांच्या नावावरून या उपनगराचं नाव पडलं ते डग्लस मॉसन १९११ साली अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर निघाले. साल सांगितलं की तो कालावधी बंद झाला. तिथे साधा भूतकाळच हवा. 'यस्टर्डे'लाही तोच न्याय.

याच्या उलट चूकही होते. 'मी पाच वर्षं इथे राहतोय' हे मराठीत वर्तमानात चालतं, म्हणून तोंडातून 'आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' निघतं. इंग्रजीला इथे 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स' लागतं. 'सिन्स' सुरुवातीच्या क्षणासाठी, 'फॉर' मुदतीसाठी. 'आठवतंय', 'कळतंय' हेही आपल्याकडे सहज चालतं, पण इंग्रजीत 'रिमेंबर' आणि 'नो' सहसा आयएनजी घेत नाहीत.

एक गोष्ट मात्र इथे राहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. ऑस्ट्रेलियन माणूस किस्सा रंगवताना 'देन ही'ज टर्न्ड राउंड अँड सेड' असं, भूतकाळाच्या जागी 'हॅव' वापरून बोलतो. भाषाशास्त्रज्ञांनी या प्रयोगाचा रीतसर अभ्यास केला आहे. ती इथल्या बोलीची लकब आहे, अडाणीपणा नव्हे. गप्पांत ती कानावर पडली तर गोंधळू नये. परीक्षेत आणि नोकरीच्या अर्जात मात्र अशा जागी साधा भूतकाळच लिहावा.