चिकटतं कोण? दाताची कॅप, सिमेंट आणि वेरूळचा गिलावा

वेरूळला येऊन दाताच्या सिमेंटवर बोलायचं म्हटल्यावर काहींच्या कपाळावर आठी पडली असेल. आमचा विषय तत्त्वज्ञान, त्यात हे दात कुठून आले? पण प्रश्न जुनाच आहे. दोन वस्तू एकमेकींना धरून राहतात, म्हणजे नेमकं काय होतं? वैशेषिकांनी संयोगाला गुण मानलं आणि सांगितलं की हा गुण एकट्या वस्तूत राहत नाही, दोन्हींत मिळून राहतो. आपण मात्र कॅप निघाली की म्हणतो, 'सिमेंट हलकं वापरलं.' सगळा दोष मधल्याच्या माथी!

इथला गिलावा बघा. कैलासाच्या अंगावर पांढऱ्या गिलाव्याचे तुकडे अजून दिसतात. २०१६ साली राजदेव सिंग आणि मिलिंद सरदेसाई यांनी 'करंट सायन्स'मध्ये दाखवलं की वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अवशेष मिसळलेले आहेत. तंतूंमुळे गिलावा स्वतः एकसंध राहतो, तडकत नाही. पण तो खडकाला धरून राहणं ही वेगळी गोष्ट. त्यासाठी खडक खडबडीत हवा. अजिंठ्याच्या भिंतींवर छिन्नीच्या खुणा तशाच ठेवल्या, त्या गिलाव्याला पकड मिळावी म्हणून. आजचा गवंडीही काँक्रीटच्या गुळगुळीत खांबाला आधी खाचा पाडतो, पाणी मारतो, मगच गिलावा चढवतो.

दंतवैद्यकात हा विचार कारखान्यातून आला. धातूला रंग धरावा म्हणून फॉस्फोरिक आम्ल लावत असत. ते पाहून मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये दाताच्या एनॅमलवर तेच आम्ल ३० सेकंद लावलं आणि वर अॅक्रिलिक बसवलं. आम्लाने एनॅमलवर बारीक खळगे पडतात, पातळ रेझिन त्यांत शिरतं आणि तिथेच कडक होतं. दाताची बाजू अशी बरीचशी सुटली.

कॅपची बाजू अवघड राहिली. हल्ली अॅक्रिलिकच्या, म्हणजे पीएमएमएच्या कॅप तयार ठोकळ्यातून यंत्राने कोरतात. ठोकळा कारखान्यात उष्णता आणि दाब देऊन पक्का केलेला असतो. त्यामुळे तो टिकाऊ होतो, पण त्याच्या रेणूंचे मोकळे हात जवळजवळ उरत नाहीत. सिमेंटने हात पुढे केला तरी पकडायला पलीकडे कोणी नाही! 'पीक' नावाचं पॉलिमर तर त्याहून अलिप्त. सहसा कशाशी रासायनिक प्रक्रिया करत नाही, म्हणून शरीराला चालतं आणि म्हणूनच सिमेंटला दाद देत नाही. गुण आणि दोष एकच आहे, बरं का.

मग करायचं काय? आधी वाळूसारख्या अॅल्युमिनाचा मारा, साधारण ५० किंवा ११० मायक्रॉनचे कण. ही आपली छिन्नी. पृष्ठभाग वाढतो, खाचा पडतात. पण दाब जास्त झाला की कॅपच्या पातळ कडा झिजतात आणि मग ती नीट बसतच नाही. त्यानंतर प्रायमर. त्यातलं मिथाइल मेथाक्रिलेट अॅक्रिलिकचा वरचा थर किंचित फुगवतं, आत शिरतं आणि पुढे सिमेंटशी जोडलं जातं. पीकवरही याच जातीचे प्रायमर वापरतात. त्यावर ९८ टक्के गंधकाम्लही प्रयोगशाळेत चांगली पकड देतं, पण असलं जहाल आम्ल दवाखान्यात रोज कोण हाताळणार? सिलेन काचेला धरतं. काचेची पूड मिसळलेल्या कॉम्पोझिटला ते उपयोगी, नुसत्या अॅक्रिलिकमध्ये काचच नाही, तर ते लावून काय साधणार?

आमच्या मते सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट आहे क्रम. कॅप तोंडात बसवून पाहिली की तिला लाळेचा थर लागतो. मारा आधीच झालेला असेल तर खाचा लाळेने भरल्या. म्हणून आधी बसवून पाहावं, मग साफ करून मारा, मग प्रायमर, लगेच सिमेंट, आणि मध्ये बोट लावायचं नाही. दाताच्या बाजूलाही एक छुपा शत्रू असतो. तात्पुरत्या सिमेंटमध्ये पुष्कळदा लवंगेच्या तेलातलं युजेनॉल असतं, आणि त्याचा अंश दातावर राहिला तर रेझिन सिमेंट नीट घट्ट होत नाही. तात्पुरती कॅप निघाली तर चिडू नका, तिचं सिमेंट मुद्दामच कमजोर ठेवलेलं असतं.

प्रयोगशाळेतले आकडेही जपून घ्यावेत. जोड कोरडा असताना भक्कम वाटतो. तोच ५ अंश आणि ५५ अंशांच्या पाण्यात आलटून पालटून शेकडो, हजारो वेळा बुडवला की खरी परीक्षा होते. चहा आणि आइस्क्रीम आपण खातोच.

कायमची कॅप निघाली, तर ती खरवडू नका, घरातल्या झटपट चिकटणाऱ्या गोंदाने तर मुळीच बसवू नका. डबीत घालून घेऊन जा. सिमेंट दातावर राहिलं आणि कॅप आतून लख्ख निघाली, तर कॅपची बाजू सुटली. सिमेंट कॅपमध्ये राहिलं, तर दाताची. दोन्हीकडे थोडं थोडं राहिलं, तर सिमेंट स्वतःच मधून फाटलं असण्याची शक्यता. डॉक्टरांना पुढचं काय करायचं ते त्या डबीतूनच कळतं, आणि गोंद लावला की ही खूण पुसली जाते.